कच्ची मूठ

माझा नवरा परक्या माणसांचे हात हातात घेऊन बसतो आणि त्यावर आमचं घर चालतं. लग्न ठरलं तेव्हा मी माझ्या मोठ्या बहिणीला हे असंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "ज्योतिषी आहे का गं?" मी म्हटलं, "नाही, सुतार आहे." तर ती आणखीच काळजीत पडली.

सुतार, पण खुर्च्या-टेबलांचा नाही. हे रिव्हॉल्व्हरच्या मुठी करतात, लाकडाच्या, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं. कारखान्यातून जी मूठ येते ती सगळ्यांच्या हाताला बसावी अशी केलेली असते, म्हणजे ती कुणाच्याच हाताला धड बसत नाही. मग पोलिसातले साहेब, बँकेचे रखवालदार, नेमबाजीच्या क्लबातली मंडळी आणि क्वचित एखादा भेदरलेला सराफ आमच्याकडे येतो. हत्यार मात्र कुणी बरोबर आणायचं नाही, असा ह्यांचा दंडक आहे. दुकानात निकामी लोखंडी सांगाडे आहेत, नळी नसलेले, चक्र नसलेले. मुठी त्यांच्यावरच बसवून बघायच्या. ह्यांनी स्वतः जन्मात एक गोळी झाडलेली नाही. वाऱ्यानं दार आपटलं तरी दचकतात.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच मागची खोली. एक दार स्वयंपाकघरात उघडतं, दुसरं गल्लीत. त्यामुळे ह्यांचं काम मला दिसलं नाही तरी ऐकू येतंच. करवत, मग पटाशी, मग कानस, मग घासकागद. कुठला आवाज चाललाय त्यावरून मी चहा टाकायचा की थांबायचं हे ठरवते. कानस चालू असताना चहा नेला तर तो भुश्यासकट प्यावा लागतो.

माणूस आला की हे आधी त्याचा हात मागतात. मागतात आणि धरून बसतात. बोटं किती लांब, तळवा किती जाड, कुठलं बोट आखडतं, कुठलं उगाच पुढे पुढे करतं, हे सगळं चाचपून बघतात. बघणाऱ्याला वाटावं, लग्नाची मागणी घालतायत. मी मुद्दाम गिऱ्हाइकासमोर विचारायचे, "एवढा वेळ माझा हात कधी धरला होता का हो?" ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुझ्या हाताला मूठ नको, लगाम हवा." गिऱ्हाईक हसायचं, मी कप जरा जोरात ठेवायचे, आणि आमचा संसार पुढे जायचा.

त्यानंतरचं काम मला आता समजावून सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आलं आहे. अक्रोडाचा एक ठोकळा घ्यायचा आणि मधोमध चिरून त्याच्या दोन पाकळ्या करायच्या, एक डावी, एक उजवी. पाकळ्या हा ह्यांचाच शब्द. सांगाड्याच्या दोन्ही अंगांना त्या बसतात आणि एका स्क्रूनं आवळल्या की त्यांची मूठ होते. पटाशीनं आणि कानशीनं आकार आला की घासकागदाचा एक हात फिरवायचा आणि तिथंच थांबायचं. तेल नाही, पॉलिश नाही. ह्या कोऱ्या लाकडाला हे कच्ची मूठ म्हणतात. ती गिऱ्हाइकाला देऊन टाकायची आणि सांगायचं, "महिनाभर हीच वापरा. घाम लागू दे. मग आणा."

महिन्यानं मूठ परत येते तेव्हा तिच्यावर हात उमटलेला असतो. जिथं दाब जास्त तिथं लाकूड काळं पडतं, जिथं हात टेकतच नाही तिथं गोरं राहतं. हे ती मूठ खिडकीशी धरून ते डाग वाचतात. काळं दिसलं म्हणजे तिथं लाकूड जास्त आहे, हाताला टोचतंय, तेवढं उतरवायचं. असं करत सगळे डाग जातात, मग बारीक घासकागद, मग अळशीचं तेल, आणि मूठ पक्की होते. डाग राहिला तर काम अर्धवट राहिलं, असा ह्यांचा सरळ कायदा.

डाग वाचण्यात मजाही पुष्कळ होती. एका फौजदारांची मूठ कोळशाच्या पोत्यातून काढल्यासारखी परत यायची. सराफाच्या मुठीवर दोन बोटांच्या टोकांखेरीज काही नव्हतंच. हे म्हणाले, "हा माणूस रिव्हॉल्व्हर धरत नाही, मेलेला उंदीर धरतो." पुढे तो सराफ गल्लीत दिसला की मला हसू आवरायचं नाही आणि त्याला वाटायचं, मी ओळख दाखवतेय.

आम्हाला एकच मुलगी. घरात तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी टेकली असं कधी झालं नाही. तयार मुठी क्लबात पोचवायचं काम तिनं शाळेत असतानाच अंगावर घेतलं. का घेतलं ते मला उशिरा कळलं. तिथल्या कुणीतरी तिला एकदा नेम धरू दिला होता, आणि तो लागला होता. मी डोक्याला हात लावला. हे माझ्या बाजूनं रागावले, चांगले तारस्वरात रागावले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एकटेच शीळ घालत बसलेले मी ऐकले.

भिंगरी डावखुरी होती. कारखान्याची मूठ उजव्या हातासाठी फुगवलेली असते, ती तिच्या तळव्यात भलतीकडेच रुतायची. क्लबच्या रिव्हॉल्व्हरनं ती तशीच खेळायची, हाताला पट्ट्या बांधून. "सगळ्या गावाला मुठी, आणि ह्यांच्या पोरीला फोड," असं ती येताजाता ऐकवायची. हे म्हणायचे, "लाकूड मिळू दे." लाकडाचे ढीग पडलेले असायचे दुकानात. पण एकात गाठ, एकाचा रंग फिका, एकाच्या रेघा पातळ. इन्स्पेक्टरला जे चालत होतं ते पोरीसाठी ह्यांच्या मनास येईना. "बाबा," भिंगरी विचारायची, "माझ्या मुठीचं झाड लावून झालंय का, का बी आणायचंय अजून?"

शेवटी एका मोडीत निघालेल्या कपाटाच्या पायाचा ठोकळा ह्यांना मिळाला. जुना अक्रोड, वरून काळवंडलेला, आतून उजळ, दाट रेघांचा. तो घेऊन हे घरी आले तेव्हा चपला काढायचं भान नव्हतं. भिंगरीनं लगेच हात पुढे केला, माप घ्यायला. ह्यांनी तो बाजूला सारला. "तुझा हात मला पाठ आहे." आणि खरंच होता. लहानपणी दुकानातल्या स्टुलावरून पडून तिची करंगळी मोडली होती आणि जराशी वाकडीच सांधली होती. त्या वाकडेपणासकट त्यांनी मूठ कोरली. मी बघत होते. एकदाही तिला बोलावलं नाही.

कच्ची मूठ हातात आल्यावर ती दुकानभर नाचली. मग जरा थांबून म्हणाली, "तर्जनीच्या मुळाशी टोचतंय रे बाबा. आत्ताच काढ ना तेवढं."

"महिना होऊ दे."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक एवढी कटकट करत नाही," हे म्हणाले. "घाम लागू दे. मग मला दिसेल नेमकं कुठं ते."

निवडीच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या. ती रोज क्लबात जायची, उशिरा यायची, आणि जेवताना डावा हात उघडून ह्यांना दाखवायची. तर्जनीच्या मुळाशी लाल झालेलं असायचं. "आलं, आलं, महिना संपत आलाच," हे म्हणायचे.

मग तिला ताप आला. नुसता ताप. असा ताप घरात कुणालाही येतो, गोळी घेतली की जातो, म्हणून आम्ही गोळी दिली. तो गेला नाही. दवाखान्यात नेलं, तर तिथं रक्ताचे कसले कसले आकडे घसरत गेले आणि डॉक्टर आमच्याशी बोलताना आमच्याकडे बघेनासे झाले. आठवडा पुरता व्हायच्या आत माझी मुलगी गेली. सव्वीस वर्षांची होती. अजूनही मला कुणी विचारलं, "कशानं गेली?" तर "तापानं" म्हणताना माझी मलाच लाज वाटते, की एवढ्याशानं आम्ही तिला जाऊ दिलं.

ती दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी मी घरी आले होते. ती परत येईल तेव्हा सगळं स्वच्छ असावं, तापाचा वास नको, म्हणून मी तिची चादर धुतली, उशीचा अभ्रा धुतला, टॉवेल, ओढण्या, खुंटीवरचे कपडे, होतं नव्हतं ते सगळं धुऊन वाळत टाकलं. कंगवासुद्धा साबणानं धुतला. त्यामुळे नंतर जेव्हा मी तिच्या खोलीत जाऊन एकेक कपडा नाकाशी धरू लागले, तेव्हा प्रत्येकाला साबणाचा वास येत होता. घरात तिच्या अंगाचं काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. फोटो होते. फोटो काय, फोटो भिंतीवर असतात.

हे दुकानात जाईनासे झाले. पुढच्या खोलीत खिडकीशी बसायचे, हात मांडीवर उलटे ठेवून. रडले असते तर बरं झालं असतं. मी रडत होते, भांडी आपटत होते, शेजारच्या बाईच्या अंगावर ओरडत होते; निदान काहीतरी करत होते. हे नुसते बसायचे. आमचं बोलणं आटलं. "पाणी?" "हो." "दार लावलंत?" "लावलं." तिचं नाव तर आम्ही दोघंही काढत नव्हतो. दोघांनाही वाटत होतं, काढलं तर दुसरा कोसळेल. मधूनमधून मीच म्हणायचे, "अहो, दुकानात तरी जाऊन बसा. गिऱ्हाइकं विचारून जातात." ते मान हलवायचे आणि तिथंच बसायचे.

मग एके दिवशी क्लबचे मास्तर आले. तिथलं शस्त्रागार सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, भिंगरीला त्यांनीच शिकवलं होतं. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. खिशातून त्यांनी रुमालाची एक पुरचुंडी काढली.

"रिव्हॉल्व्हर क्लबचं," ते म्हणाले. "मूठ तेवढी तिची. स्क्रू काढून आणलीय. आम्ही कुणी हात लावला नाही तिला."

ते गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून रुमाल सोडला. दोन पाकळ्या. आणि डाव्या पाकळीवर माझ्या मुलीचा तळवा होता.

मी अशा कितीतरी मुठी पाहिल्या होत्या, हसले होते त्यांच्यावर. पण ही मी ह्यांच्यासारखी उजेडाशी धरली आणि डाग वाचले. तळव्याचा उंचवटा, त्याच्यावरून गेलेली हातरेषेची पांढरी फट, आणि वर तर्जनीच्या मुळाशी गडद काळा ठिपका, जिथं टोचत होतं तिथं. उजवी पाकळी उलटून बघितली तर तिच्यावर बोटांची टोकं. मधलं बोट, अनामिका, आणि करंगळी, तिरकी, तिची तीच वाकडी करंगळी. वरच्या अंगाला अंगठा. मी दोन्ही पाकळ्या जुळवून डाव्या हातात धरल्या आणि तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. माझी बोटं आखूड आहेत, पोचत नव्हती. मी त्या मुठीचा वास घेतला. लाकडाचा येत होता, आणि थोडासा, अगदी थोडासा, तिचा.

हे कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी मुठीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातून पाकळ्या घेतल्या, रुमालात गुंडाळल्या आणि दुकानाचं दार उघडून कामाच्या बाकाच्या खणात ठेवून आले. मला वाटलं, त्यांना सोसवत नाही.

पण रोज दुपारी त्यांचा डोळा लागला की मी दुकानात जायचे. खण उघडायचा, पाकळ्या काढायच्या आणि स्टुलावर बसून तो हात हातात धरायचा. किती वेळ, ते मी बघत नव्हते. तेवढा वेळ मला बरं वाटायचं. हे कुणाला सांगितलं तर हसेल, पण मी तिच्याशी बोलायचेसुद्धा. काय बोलणार, रोजचंच. शेजारीण काय म्हणाली, तुझा बाप आज पुन्हा आंघोळीला टाळाटाळ करत होता, असलं. माझी एकच इच्छा उरली होती, की ती मूठ मला उघडपणे माझ्याजवळ ठेवता यावी. उशाशी. चोरून नको.

म्हणून एकदा जेवताना मी धीर करून म्हटलं, "ती मूठ मला हवीय."

ह्यांनी वर बघितलं. मग म्हणाले, "बरं."

का हवीय हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसांत आमचं बोलणं एवढंच होतं, मी त्यात समाधान मानलं.

चार-सहा दिवसांनी सकाळी मी भाजी निवडत होते आणि मागच्या खोलीतून कानशीचा आवाज आला. मी हातातली जुडी तशीच ठेवली. कान देऊन ऐकलं. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, बारीक, सावकाश, त्यांचा नेहमीचा. मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. ती गेल्यापासून पहिल्यांदा मला आनंद झाला. म्हटलं, चला, माणूस उठला एकदाचा. बँकेच्या त्या रखवालदाराचं काम कधीचं अडून होतं, तेच घेतलं असणार. कानस थांबून घासकागदाचा आवाज येईपर्यंत मी थांबले आणि मग चहा टाकला. दूध जरा जास्त घातलं, त्यांना आवडतं तसं. कप घेऊन दार उघडलं.

"आलीस? ये, ये, बस. हे बघ," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून एका दमात इतके शब्द मी कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. चष्म्यावर भुसा होता, अंगात कामाचा सदरा होता. त्यांनी माझ्यापुढे डावी पाकळी धरली.

ती गोरी झाली होती. नव्या लाकडासारखी, स्वच्छ, एकसारखी. तळवा गेला होता. ती पांढरी फट गेली होती. तर्जनीच्या मुळाशी जिथं तो काळा ठिपका होता तिथं आता हलकीशी खोलगट जागा होती, इतकी सुरेख उतरवलेली की बोट आपोआप तिच्यात जावं.

"टोचत होतं ना तिला," ते म्हणाले. "म्हणाली होती बघ. किती काळं पडलं होतं माहितीय तुला? सगळा दाब तिथं येत होता. आणि पोरगी तशीच महिनाभर खेळत राहिली. मी म्हटलं, महिना होऊ दे, महिना होऊ दे. गाढव आहे मी." त्यांनी त्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला. "आता नाही टोचायचं."

मग त्यांनी बाकावर पडलेला भुसा फुंकर मारून उडवला, रोजच्यासारखा. काळसर होता तो. खिडकीतल्या उजेडात जरा तरंगला आणि खाली गेला.

मी कप धरून उभी होते. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा इतका राग आला की तो कप त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातांचे डाग वाचणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचा हात समोर असून कळू नये? डाग दिसला की काढायचा, एवढंच? मी "हवीय" म्हटलं, ते ह्यांनी ऐकलं आणि मूठ मला पक्की करून द्यायला बसले. अर्धवट काम कुणाच्या हातात देणार कसं!

"तू मागितलीस तेव्हा मला कळेना," ते म्हणाले, जणू माझ्या मनातलं ऐकल्यासारखे. "अशी कशी देऊ हिला, म्हटलं. एवढी एकच वस्तू मी तिच्यासाठी केली, आणि तीही टोचणारी." त्यांचा आवाज चिरकला, पण चेहरा हसरा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "आज उठल्या उठल्या वाटलं, तेवढं करून टाकू. तेवढं तरी करू."

आणि त्यांनी उजवी पाकळी उचलली.

उजवी अजून तशीच होती. मधलं बोट, अनामिका, तिरकी करंगळी, वर अंगठा. सगळी जागच्या जागी. ते तिला बाकाला जोडलेल्या वाइसच्या जबड्यात बसवायला लागले, खाली कातड्याचा तुकडा ठेवून, दुखू नये अशा बेतानं आवळत.

मी "थांबा" म्हटलं असतं तर ते थांबले असते. लगेच थांबले असते. मग त्यांनी विचारलं असतं, "का?" आणि मला सांगावं लागलं असतं. मी कसंही सांगितलं असतं, गोड बोलून, आडून, काहीही, तरी त्या माणसाला क्षणात कळलं असतं की डाव्या पाकळीवर काय होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं खरवडून फुंकून टाकलं. मला चार बोटं मिळाली असती. आणि हे पुन्हा जाऊन त्या खिडकीशी बसले असते, हात उलटे ठेवून, आणि ह्या वेळी उठले नसते. ह्यांना मी ओळखते. उठलेच नसते.

मी कप बाकावर ठेवला आणि स्टुलावर बसले.

"करंगळीला जरा जास्त जागा देतो," ते म्हणाले. डागाकडे त्यांनी बघितलंही नाही, पाकळीवर वाकून अंगठ्यानं नुसतं चाचपलं आणि नेमकं बोट टेकवलं. "वाकडी ना ती तिची. दमली की आखडते. शेवटच्या फेरीत तिथंच हात हलायचा, मास्तर म्हणाले होते मागं."

तेव्हा मला कळलं, ह्यांना त्या डागांची गरजच नव्हती. तिचा हात त्यांना पाठ होता, तो त्यांच्या बोटांत होता. मला पाठ नव्हता. मी तिला न्हाऊ घातलं, तिच्या वेण्या घातल्या, तापात रात्रभर तिचा हात धरून बसले, आणि तरी डोळे मिटले की मला तो हात पुरता आठवत नाही. मला ते लाकूड हवं होतं.

ह्यांनी कानस घेतली. आधी करंगळी गेली. मग तिच्या शेजारचं बोट. मी बघत होते, नजर काढली नाही. तेवढं तरी तिच्यासाठी करायला हवं असं मला वाटलं, की जाताना कुणीतरी बघत असावं. मधलं बोट जरा खोल उमटलं होतं, त्याला वेळ लागला. ते काम करता करता बोलत होते. ती लहान असताना ह्याच बाकाखाली लाकडाच्या चकत्यांचं दुकान मांडायची, ते. मला एकदा तिनं भुसा विकला होता, ते. तिचं नाव त्यांनी किती वेळा घेतलं. ऐकायला बरंही वाटत होतं, हेच तर अवघड होतं.

"तो बारीक कागद दे गं," ते म्हणाले. हात मागे केला, नजर कामावरच.

घासकागदाचा गठ्ठा माझ्याच बाजूला होता. अंगठा तेवढा राहिला होता. पाकळीच्या वरच्या कडेला, लांबट, काळसर, टोकाशी किंचित फाकलेला. मी त्या अंगठ्याकडे बघितलं. मग गठ्ठ्यातला सगळ्यांत बारीक कागद शोधला, चिमटीत धरून तपासला, आणि त्यांच्या हातात दिला.

संपल्यावर त्यांनी दोन्ही पाकळ्या सांगाड्यावर बसवल्या, स्क्रू आवळला आणि मूठ माझ्यापुढे केली. "बघ बरं. खरं सांग."

मी डाव्या हातात घेतली. गार होती. कुठेही काही लागत नव्हतं, एवढी गुळगुळीत.

"छान झालीय," मी म्हटलं. "कुठे टोचत नाही."

"मग!" ते म्हणाले. चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली, उभ्या उभ्या सगळा चहा प्यायला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड आणि डोळे एकदमच पुसले. मग विचारलं, "जेवायला काय करतेयस? भूक लागलीय." ती गेल्यापासून हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"तुम्ही सांगाल ते," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात येऊन मधलं दार लावून घेतलं. नळ मोठा सोडला आणि ओट्याला धरून रडले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबला होता. दवाखान्यात ती गेली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ह्या वेळी माझा एक शब्द पुरला असता. दाराच्या पलीकडे हे तेलाची बाटली शोधत होते आणि हळू आवाजात शीळ घालत होते.